सासूबाईंचे गुडघे आणि हातातल्या तीन रात्री: व्हेनिस की ॲम्स्टरडॅम?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चौघं युरोपला निघालेत: ताई, त्यांचे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. पॅरिसच्या तीन आणि स्वित्झर्लंडच्या पाच रात्री पक्क्या आहेत. उरलेल्या तीन रात्रींत कालव्यांचं एक तरी शहर बघायचं आहे, पण व्हेनिस की ॲम्स्टरडॅम हे ठरत नाही. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, घर शाकाहारी आहे. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात, व्हेनिस म्हणजे नुसती गर्दी आणि घाण वास. उरलेले म्हणतात, ॲम्स्टरडॅम ही सासूबाईंना घेऊन जायची जागा नाही.

ताई, मी अठरा वर्षं युरोपच्या सहली नेते आहे. आधी मोठे ग्रुप नेले, आता पाच-सहा वर्षं फक्त कुटुंबांचे बेत आखून देते. हा प्रश्न दर उन्हाळ्यात दोन-तीन घरांतून येतोच. बहुतेक जण तो "कोणतं शहर जास्त सुंदर?" असा विचारतात, आणि त्याचं उत्तर देण्यात काही हशील नाही, कारण दोन्ही सुंदर आहेत. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही झोपणार कुठे, सासूबाई दिवसातून किती पायऱ्या चढणार आणि तुमच्या प्रवासाच्या रेषेवर कोणतं शहर पडतं, या तीन गोष्टींवर उत्तर ठरतं. त्यातल्या दोन गोष्टी मला तुमच्या प्रश्नातून नीट कळलेल्या नाहीत, म्हणून कुठे "जर" येतो तेही सांगत जाते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ॲम्स्टरडॅमला "उत्तरेचं व्हेनिस" म्हणतात, त्यामुळे एक बघितलं की दुसरं बघितल्यासारखंच, असं वाटतं. तसं नाही. व्हेनिस खाजणात उभं राहिलं: शंभराहून जास्त छोटी बेटं, त्यांच्यामधलं खारं पाणी आणि बेटं जोडणारे चारशेहून जास्त पूल. तिथे पाणी हाच रस्ता आहे. जुन्या वाड्यांचा मोठा दरवाजा पाण्यात उघडतो, गल्लीकडचा असतो तो मागचा. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, कुरिअर, वाण्याचा माल, सिमेंटच्या गोण्या, सगळं होडीनं येतं. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. भिंतींवर शेवाळाची हिरवी रेघ दिसते ती त्याचीच.

ॲम्स्टरडॅमचं तसं नाही. तिथले मोठे कालवे १६१३ पासून आखून खणले. हेरेनग्राख्त, कायझरसग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन एकाआत एक, अर्धगोल. कालव्याच्या दोन्ही काठांना रस्ता, झाडांची रांग आणि मग घरं. पाणी झडपांनी रोखून एकाच पातळीला ठेवलेलं, त्यामुळे ते तळ्यासारखं निवांत दिसतं. म्हणजे ॲम्स्टरडॅममध्ये तुम्ही पाण्याच्या कडेनं चालता. व्हेनिसमध्ये सारखं पाणी ओलांडावं लागतं. गुडघ्यांच्या दृष्टीनं सगळा फरक इथेच आहे.

व्हेनिसचा प्रत्येक पूल म्हणजे कमान. दहा-पंधरा पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या, आणि पाच मिनिटांनी पुढचा पूल. नकाशावर हॉटेल चौकापासून अर्धा किलोमीटर दिसतं, पण मधे पाच पूल असतात. हे ऐकून बहुतेक जण लगेच म्हणतात, "मग ॲम्स्टरडॅमच बरं." मीही पूर्वी हेच सांगायचे. पण दोन्हीकडे ज्येष्ठांना घेऊन अनेकदा गेल्यावर माझं मत बदललं. का, ते सांगते.

ॲम्स्टरडॅमचे पूल जवळपास सपाट असतात. ट्राममध्ये चढायला अडचण नाही, रस्ते सरळ आहेत. गुडघ्यांची परीक्षा तिथे घराच्या आत होते. कालव्याकाठची जुनी घरं अरुंद आणि उंच बांधलेली आहेत, आणि त्यांचे जिने आपल्या माळ्याच्या शिडीसारखे उभे असतात. सामान जिन्यानं जात नाही, म्हणूनच तर प्रत्येक घराच्या माथ्यावर तुळई आणि आकडा असतो; कपाट, पलंग दोरानं वर ओढून खिडकीतून आत घेतात. अशा घरांत आता छान छान हॉटेलं आहेत, आणि "कालव्याकडे खिडकी" या दोन शब्दांवर आपण भुलतो. एकदा मीच एका कुटुंबासाठी तशा हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर खोल्या घेतल्या होत्या. लिफ्ट आहे का, हे मी विचारलं नव्हतं. बरोबरच्या सत्तरीच्या आजी दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, आणि एकेक पायरी बसत बसत खाली आल्या. दोन्ही हात भिंतीला टेकलेले होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला ते आजही आठवलं की वाईट वाटतं. त्याच दिवशी आम्ही हॉटेल बदललं. ॲन फ्रँकचं घर (नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं) बघायचं मनात असेल तर हेही लक्षात घ्या: प्रिन्सेनग्राख्तवरच्या त्या घरातले जिने असेच उभे आहेत, सासूबाईंना ते जमणार नाही. तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात आणि बघता बघता संपतात.

रस्त्यावरची दुसरी काळजी म्हणजे सायकली. तिथे सायकलींची वाट वेगळी असते, लालसर रंगाची, आणि ती फुटपाथला लागूनच असते. आपल्याला ती फुटपाथच वाटते. लोक वेगात येतात, घंटी वाजवतात आणि तुम्ही बाजूला व्हाल असं धरून चालतात. ट्राममधून उतरताना मुलाचा हात धरा आणि सासूबाईंना आतल्या बाजूला घ्या.

उलट व्हेनिसमध्ये मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलही नाही. म्हातारं माणूस आपल्या चालीनं चालू शकतं, मागून कुणी येईल ही धास्ती नसते. आणि पूल टाळायचे असतील तर वापोरेत्तो आहे, म्हणजे तिथली बस-बोट. तरंगत्या धक्क्यावरून तिच्यात जवळपास सपाट पाऊल टाकून जाता येतं आणि बसायला जागा असते. एक नंबरची बोट ग्रँड कॅनालवर, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्यावर, जवळजवळ प्रत्येक थांबा घेत हळूहळू जाते. स्टेशनपासून सेंट मार्कच्या चौकापर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत, पाऊण तास. ज्यांना चालवत नाही त्यांना मी या बोटीत दोनदा फिरवते, एकदा सकाळी आणि एकदा दिवे लागल्यावर. वाडे, पूल, बाजार सगळं समोरून जातं आणि एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही. पास मात्र घ्या. सुटं तिकीट ७५ मिनिटांचं असून साडेनऊ युरो पडतं, तर ७२ तासांचा पास ४५ युरोंना मिळत होता. ६ ते २९ वयाच्या मुलांसाठी "रोलिंग व्हेनिस" नावाचं कार्ड आहे, त्यावर हाच पास बराच स्वस्त होतो. तुमच्या मुलासाठी ते घ्या, खिडकीवर स्वतःहून कुणी सांगत नाही.

म्हणून माझं पहिलं "जर" हे: सासूबाईंना किती जमतं? घरी करून बघा. एक मजला चढून, मधे न बसता उतरणं, दिवसातून चार-पाच वेळा, लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नाही तर वापोरेत्तोच्या आधारानं व्हेनिस नक्की जमेल. सूज आली, किंवा चाकाची खुर्ची लागणार असेल, तर ॲम्स्टरडॅम घ्या, आणि लिफ्ट असलेलं नवं हॉटेल घ्या. व्हेनिसमध्ये खुर्ची बोटीत चढते, पण बोटीतून उतरल्यावर पहिल्याच पुलाशी अडते.

आता झोपण्याबद्दल, कारण व्हेनिसच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

ज्यांनी तुम्हाला "व्हेनिस म्हणजे गर्दी" असं सांगितलं ते खोटं बोलत नाहीत. त्यांना विचारा, राहिला कुठे होतात? दहापैकी आठ जण "मेस्त्रे" म्हणतील किंवा त्याहून लांबचं एखादं गाव सांगतील. मेस्त्रे हे पुलापलीकडचं, मुख्य भूमीवरचं शहर. हॉटेलं तिथे स्वस्त असतात, बस दारात उभी राहते, म्हणून ग्रुप तिथे उतरतात. मीही उतरवलेत. सकाळी नाश्ता, बस, बोट, अकरा वाजता सेंट मार्कच्या चौकात. मग काच बनवण्याचं प्रात्यक्षिक, गोंडोला म्हणजे वल्ह्याच्या लांब होडीतली फेरी, फोटो, आणि पाचला परत. ते सहा तास म्हणजे नेमके शहरातल्या सगळ्यात जास्त गर्दीचे सहा तास. साताऱ्याच्या एक काकू परतीच्या बोटीत मला म्हणाल्या होत्या, "एवढ्यासाठी आलो होतो का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी ठरवलं, की रात्रभर राहायचं नसेल तर व्हेनिस कुणाला सुचवायचंच नाही.

कारण संध्याकाळी सहानंतर दिवसभराची माणसं निघून जातात. जुन्या शहराची स्वतःची वस्ती आता पन्नास हजारांच्याही खाली आली आहे, त्यामुळे रात्री गल्ल्या खरोखर रिकाम्या होतात. नऊ वाजता एखाद्या छोट्या चौकात, ज्याला तिथे कांपो म्हणतात, पोरं फुटबॉल खेळत असतात, आज्या बाकांवर बसलेल्या असतात. मधे दगडी विहीर असते. सगळीकडे खारं पाणी असलेल्या या शहरानं शेकडो वर्षं पावसाचं पाणी वाळूतून गाळून या विहिरींत साठवलं आणि त्यावर तहान भागवली.

सकाळ तर सोडूच नका. साडेसहाला बाहेर पडा. मी दर वेळी एकटीच बाहेर पडते आणि कुठल्या तरी पुलावर अर्धा तास उभी राहते. मालाच्या होड्या लागलेल्या असतात. एक माणूस हातगाडीवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचतो, छातीएवढे उंच. गाडीला मुख्य चाकं दोनच, पण पुढच्या टोकाला आणखी दोन लहान चाकं बसवलेली असतात. पुलाशी आला की तो गाडी उलटी फिरवतो, आधी स्वतः वर चढतो आणि एकेक पायरी गाडी मागे ओढून घेतो. उतरताना ती पुढची छोटी चाकं खालच्या पायरीवर टेकतात आणि गाडी तोल न जाता खाली येते. सगळं शहर रोज असं हातानं उचलून पलीकडे ठेवलं जातं. तुमच्या मुलाला हे नक्की दाखवा, त्याला गोंडोल्यापेक्षा जास्त आवडेल.

तेव्हा दुसरं "जर": बेटावर, म्हणजे जुन्या शहरातच, खोली परवडत असेल तर व्हेनिस. नसेल तर मी कळकळीनं सांगते, मेस्त्रेला राहून व्हेनिस करू नका, ॲम्स्टरडॅमला जा. ॲम्स्टरडॅमचं तसं होत नाही. तिथे ट्रामनं वीस मिनिटं लांब राहिलात तरी शहर हातचं जात नाही. तिथलं राहणं स्वस्त आहे असं मात्र समजू नका. खोलीच्या भाड्यावर शहराचा पर्यटन कर साडेबारा टक्के आहे, युरोपातल्या सगळ्यात जड करांपैकी एक. आरक्षण करताना दिसलेला आकडा करासकट आहे का, ते बघा.

व्हेनिसच्या कराबद्दलही लोक घाबरवतात. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत शहरात येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. पाच युरो, आणि ऐन वेळी भरलं तर दहा. पण ते दिवसापुरतं येणाऱ्यांना. शहरात मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे. फक्त संकेतस्थळावर नाव नोंदवून माफीचा कोड घ्यायचा आणि फोनमध्ये ठेवायचा. मुक्कामाचा कर हॉटेल वेगळा घेतं, दर माणशी दर रात्री काही युरो.

प्रवासाची रेषा. इथे दोन्ही शहरं तुल्यबळ आहेत, आणि हा निर्णय तुमच्या घरानंच घ्यायचा आहे. ॲम्स्टरडॅम घेतलंत तर ते सुरुवातीला टाका: मुंबईहून थेट विमानानं ॲम्स्टरडॅम, मग रेल्वेनं साडेतीन तासांच्या आत पॅरिस, पॅरिसहून जलद गाडीनं स्वित्झर्लंड, आणि झुरिकहून परत. व्हेनिस घेतलंत तर ते शेवटी: मुंबईहून थेट पॅरिस, मग स्वित्झर्लंड, तिथून गाडीनं आल्प्स ओलांडून मिलान, मिलानला गाडी बदलून अडीच तासांत व्हेनिस. परतीला व्हेनिसहून मुंबईला थेट विमान नाही, दुबईमार्गे वगैरे एक थांबा घ्यावा लागतो. सासूबाईंना परतीचा लांबलेला प्रवास झेपेल का, हे त्यांनाच विचारा. कोणत्याही बाजूनं गेलात तरी आल्या मार्गानं परत फिरू नका. जाण्याचं एका शहराचं आणि येण्याचं दुसऱ्या शहराचं असं एकत्र तिकीट काढा. व्हिसाच्या बाबतीत काही बदलत नाही. सर्वांत जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणजे अर्ज दोन्ही बेतांत स्वित्झर्लंडकडेच.

एक सूचना रेल्वेतली. व्हेनिस नावाची दोन स्टेशनं लागतात. आधी व्हेनेत्सिया मेस्त्रे येतं आणि अर्धा डबा उठून उभा राहतो. तुम्ही बसून राहा. गाडी पुढे निघते, दोन्ही बाजूंना खाजणाचं पाणी सुरू होतं आणि दहा मिनिटांत व्हेनेत्सिया सांता लुचिया येतं, तिथे उतरायचं. सासूबाईंचा हात धरून दारातून बाहेर या. आपल्याकडे स्टेशनबाहेर रिक्षा स्टँड असतो तिथे थेट ग्रँड कॅनाल असतो, समोर हिरव्या घुमटाचं चर्च आणि पाण्यावर बोटींची ये-जा. इतक्या वेळा बघूनही मला तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतं.

आता मे अखेरीबद्दल. आपल्याकडची माणसं ॲम्स्टरडॅम म्हटलं की ट्युलिप धरतात. ताई, मे संपताना ट्युलिप नसतात. कॉयकेनहोफची बाग साधारण मार्चच्या शेवटच्या टप्प्यात उघडते आणि मेच्या मध्यापर्यंत बंद होते. फुलांसाठी ॲम्स्टरडॅम निवडत असाल तर या तारखांना ते कारण उरत नाही. बाकी हवा तिथे छान असते, थंडावा असतो आणि रात्री पावणेदहापर्यंत उजेड राहतो. व्हेनिस तेव्हा उबदार असतं, दुपारी ऊन लागतं, संध्याकाळी डास येतात. ऐन उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी लहान कालव्यांना वास येतो हे खरं आहे, पण मे अखेरीस मला तो क्वचितच आला. पूर येण्याची भीती शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंतची असते. शिवाय २०२० पासून खाजणाच्या तोंडांशी बसवलेले ७८ दरवाजे मोठ्या भरतीला वर उचलले जातात. तारखांच्या बाबतीत एवढंच बघा, की २ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो आणि त्याला जोडून सुट्टी आली की तिथलीच माणसं व्हेनिसला लोटतात.

जेवणाचं म्हणाल तर इथे ॲम्स्टरडॅम सरळ पुढे आहे. भारतीय हॉटेलं तर आहेतच, पण सुरिनामी रोटीची दुकानं मुद्दाम शोधा. १८७३ पासून डचांनी आपल्याकडच्या मजुरांना करारावर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेलं, त्यांची नातवंडं-पतवंडं पुढे नेदरलँड्समध्ये आली आणि बरोबर रोटी आली. बटाटा आणि लांब शेंगांची भाजी, आत डाळीचं सारण असलेली मऊ पोळी. सासूबाईंना पहिल्या घासात घरचं वाटेल. अंडं, चिकन नको हे आधी सांगायचं. व्हेनिसमध्ये पिझ्झा आणि टोमॅटोचा पास्ता सगळीकडे मिळतो, पण तीन दिवस तेच खाऊन ज्येष्ठ मंडळी कंटाळतात. तिथला वाटाण्याचा भात चांगला असतो, मात्र त्यात बऱ्याचदा मांसाचं पाणी वापरतात, विचारूनच घ्या. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नकोत. व्हेनिससाठी मी किचन असलेली खोली सुचवते. एक कुकर, मेतकूट आणि तांदूळ नेले तर संध्याकाळचा प्रश्न सुटतो. दशम्या, खाकरे जरूर न्या, पण सेंट मार्कच्या चौकात पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, तिथे दंड होतो. चौकाच्या पाण्याकडच्या बाजूला छोटी बाग आहे, तिथे सावलीत बाकं आहेत.

मुलासाठी मात्र ॲम्स्टरडॅममध्ये करण्यासारखं जास्त आहे, हे मान्य करायलाच हवं. नेमो नावाचं विज्ञान केंद्र आहे, सगळं हात लावून बघायचं. जवळच सागरी संग्रहालय आहे आणि त्याच्या धक्क्याला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातल्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. त्या जहाजाच्या पोटात उतरलात की मुलाला सांगा, याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती आणि तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठाला जाणारी फेरी फुकट आहे, तिच्यात दोन-तीन चकरा मारू द्या. आणि नातेवाईक ज्याची भीती घालतात तो रेड लाइट भाग, म्हणजे वेश्यावस्ती, मध्यवर्ती स्टेशनजवळच्या मोजक्या गल्ल्यांपुरता आहे. हॉटेल संग्रहालयांच्या चौकाकडे घ्या, त्या गल्ल्यांत पाऊल टाकायचं कारणच पडणार नाही.

मग व्हेनिसचं पारडं माझ्या मनात जड का? एक प्रसंग सांगते. कराडच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या. सेंट मार्कच्या चौकात कोरेर संग्रहालय आहे, तिथे व्हेनिसची जुनी नाणी मांडली आहेत. आजी एका काचेसमोर थबकल्या. १२८४ पासून व्हेनिसनं पाडलेला सोन्याचा दुकात. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. आजी म्हणाल्या, "ही तर पुतळी." खरंच आहे ते. मिऱ्यांच्या आणि मसाल्यांच्या मोबदल्यात ही नाणी शेकडो वर्षं आपल्या किनाऱ्यावर येत राहिली, त्यांवरच्या उभ्या आकृत्या बघून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं, शिवकालीन कागदपत्रांत पुतळी हे नाणं म्हणूनच येतं. पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या आणि त्यांची माळ झाली. आजींच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ त्यांच्या घरी होती. त्या दिवशी पुढचं काही बघायची त्यांना घाई राहिली नाही. तुमच्या घरी पुतळ्यांची माळ असेल तर तिचा फोटो फोनमध्ये घेऊन जा आणि सासूबाईंना त्या काचेसमोर उभं करा.

तर माझा सल्ला असा. सासूबाई मजला चढण्याच्या चाचणीत पास झाल्या, खोली बेटावर मिळाली आणि परतीचा एक थांबा त्यांना चालणार असेल, तर व्हेनिस, तिन्ही रात्री. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल तर ॲम्स्टरडॅम, आणि मन खट्टू न करता. मुलगा खूश होईल, जेवणाची काळजी राहणार नाही. दीड-दीड दिवस करून दोन्ही मात्र करू नका. त्यात दोन्ही शहरांची फक्त स्टेशनं बघून होतात.

व्हेनिस ठरलं तर जागा कशी निवडायची तेवढं सांगते. स्टेशनमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या हा रुंद रस्ता लागतो. गुल्ये पूल येईपर्यंत मधे एकही पूल नाही. या टप्प्यातलं हॉटेल म्हणजे सामान ओढत नेण्याचाही त्रास नाही. थोडं आतलं, जास्त निवांत हवं असेल तर का द'ओरो या बोटथांब्याजवळ बघा. तिथली मोठी गल्ली रुंद आहे. आरक्षणाआधी हॉटेलला तीन प्रश्न लेखी विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, सर्वांत जवळचा वापोरेत्तोचा थांबा कोणता, आणि त्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल आहेत. तिसऱ्याचं उत्तर शून्य आलं तरच पैसे भरा.

सेंट मार्कच्या घंटाघराला लिफ्ट आहे, पण रांग लांब असते. त्याऐवजी दोन नंबरच्या बोटीनं समोरच्या सान जोर्जो बेटावर जा. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, गर्दी कमी असते आणि वरून पूर्ण शहर समोर दिसतं. गोंडोल्याचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर अख्ख्या होडीचा, माणशी नव्हे, आणि पाच जण बसू शकतात. सासूबाईंसाठी घाट बघून घ्या. जिथे शेवटची पायरी आणि होडीची कड जवळपास एका उंचीला असेल तिथूनच बसा, आणि भरतीच्या वेळी ते जास्त सोपं जातं.